ओळखीचा माणूस म्हणजे टॅक्सचा जाणकार नव्हे

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि काही जणांना झोंबणार आहे. एडिसन, आयसेलिन, पिस्कॅटवे, प्लेन्सबरो, मन्रो इथल्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. बाहेरच्यांनी वाचली तरी हरकत नाही, फेडरल इन्कम टॅक्सचा कायदा पन्नासही राज्यांत एकच आहे.

दर जानेवारीच्या शेवटी, डब्ल्यू-२ यायला लागले की आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. "कोणी स्वस्तात टॅक्स करून देणारं माहितीये का?" दहा मिनिटांत पाच नंबर येतात. "आमचे दहा वर्षांपासूनचे आहेत", "एकदम आपला माणूस", "मागच्या वर्षी रिफंड छान काढून दिला." या पाचांपैकी कोणाकडे कसला परवाना आहे, हे विचारलेलं मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही. हीच माणसं मुलाच्या ऑर्थोडॉन्टिस्टचे रिव्ह्यू तीन तास वाचतात. घर घेताना इन्स्पेक्टर आणतात, त्याच्यावर दुसरा इन्स्पेक्टर आणतात. पण ज्या कागदावर खोटं बोलल्यास शपथभंगाचा गुन्हा लागू होतो, त्या कागदावर सही करताना "ओळखीचा आहे" एवढं पुरतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बऱ्याच जणांना ती माहीतच नसते. अमेरिकेत पैसे घेऊन दुसऱ्याचं फेडरल रिटर्न भरून देण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. परीक्षा नाही, शिक्षणाची अट नाही. आयआरएसकडून पीटिन नावाचा एक नंबर घ्यायचा, त्याला वर्षाला वीसेक डॉलर पडतात, की झाला माणूस टॅक्स प्रिपेअरर. आपल्या न्यू जर्सीत लोकांचे केस कापायला लायसन्स लागतं, नखं रंगवायलाही लागतं. रिटर्न भरायला नाही. कॅलिफोर्निया, ओरेगन, न्यूयॉर्क, मेरीलँड अशा मोजक्या राज्यांनी आपापले नियम केलेत. आपण त्यात नाही.

हे असं का, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २०११ मध्ये आयआरएसने ठरवलं होतं की प्रिपेअररांनी परीक्षा द्यावी आणि दरवर्षी काही तास शिक्षण घ्यावं. काही प्रिपेअरर कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने नियम रद्द केले. निकाल लिहिणारे न्यायाधीश ब्रेट कॅव्हनॉ, तेच जे आज सुप्रीम कोर्टात आहेत. आयआरएस ज्या कायद्याच्या आधारावर उभी होती तो १८८४ चा. यादवी युद्धात मेलेल्या घोड्यांची वगैरे भरपाई सरकारकडे मागणाऱ्यांचे जे एजंट असत, त्यांना वेसण घालण्यासाठी केलेला. कोर्ट म्हणालं, हा कायदा सरकारपुढे दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्यांसाठी आहे. नुसतं रिटर्न भरून देणं म्हणजे बाजू मांडणं नव्हे. अधिकार हवा असेल तर काँग्रेसकडून घ्या. कायद्याचा अर्थ म्हणून निकाल चूक आहे असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर इतकी वर्षं काँग्रेसने काय केलं? काहीही नाही. दोन्ही पक्षांची सरकारं येऊन गेली. घोड्यांच्या एजंटांसाठी १८८४ मध्ये जी तत्परता होती, ती आपल्यासाठी कोणाला सुचलेली नाही.

म्हणजे सरकारने वाऱ्यावर सोडलंय हे खरं. पण आपणही काही कमी नाही. आता त्याबद्दल.

मी वकील नाही आणि सीपीएही नाही. टॅक्सच्या सीझनमध्ये शनिवारी लायब्ररीत लोकांना फुकट रिटर्न भरून देणाऱ्या व्हीआयटीए कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून बसते, एवढंच. आमच्या टेबलावर सगळ्या प्रकारचे लोक येतात. कमी पगारावर दोन-दोन नोकऱ्या करणारे, आजी-आजोबा, विद्यार्थी. आपली माणसं येतात ती बहुतेक वेळा उशिरा येतात आणि बरोबर जाडजूड फाइल असते.

एका जोडप्याचं सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून. सात वर्षांची रिटर्न्स घेऊन आले होते, सगळी एकाच "अंकल"नी केलेली. भारतात सहा खाती. एनआरई एफडी, एनआरओ, आईबरोबरचं एक जॉइंट, म्युच्युअल फंड, पीपीएफ. शेड्यूल बी च्या शेवटी साधा प्रश्न असतो, परदेशात तुमची काही खाती आहेत का? सातही वर्षं उत्तर "नाही". मी विचारलं, हे तुम्ही सांगितलं होतं का त्यांना? ताई म्हणाल्या, "सांगितलं की. ते म्हणाले, तिकडचं इकडे कोण बघतंय? आणि एनआरई तर टॅक्स-फ्रीच असतं." मग मी पान उलटून प्रिपेअररच्या सहीची जागा बघितली. कोरी. सातही वर्षं. पैसे घेतले होते, पण कागदोपत्री ती सगळी रिटर्न्स या दोघांनी स्वतःच बसून भरलेली. अंकल कुठेच नाहीत.

अशा माणसाला इथे घोस्ट प्रिपेअरर म्हणतात, आणि पैसे घेऊन सही न करणं हे कायद्याविरुद्ध आहे. पण दंड त्याला झाला तर किरकोळ होतो. तुमचं रिटर्न तुमचंच राहतं. "आमच्या माणसाने सांगितलं" हे उत्तर प्रत्येक वेळी चालत नाही. आणि ज्याची सहीच नाही त्याने सांगितलं होतं हे सिद्ध कसं करणार?

"तिकडचं इकडे कोण बघतंय" याचं उत्तर: तुमची बँक बघते. २०१० मध्ये फॅटका कायदा आला. जुलै २०१५ मध्ये भारत आणि अमेरिका यांनी त्यावर करार केला. तेव्हापासून तुमच्या डोंबिवलीच्या शाखेत "आपण अमेरिकेचे कर-रहिवासी आहात का" असा फॉर्म भरून घेतात ना, तो उगाच नाही. ती माहिती भारत सरकारमार्फत इथे येते. काही जण म्हणतात, आयआरएसची माणसं कमी केलीत, आता कोण पकडणार. २०२५ मध्ये तिथली जवळजवळ एक चतुर्थांश माणसं कमी झाली हे खरंय. पण कमी झाली ती फोन उचलणारी, तुमचं म्हणणं ऐकून घेणारी माणसंसुद्धा. दोन याद्या जुळवून पत्र पाठवायला माणूस लागत नाही, ते कॉम्प्युटर करतो. उलट पत्र आल्यावर उत्तर द्यायला पलीकडे कोणी सापडत नाही, ही खरी पंचाईत आहे.

आता तो टॅक्स-फ्रीचा घोळ. एनआरई खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे. भारतात! तुम्ही ग्रीन कार्डवर असाल, नागरिक असाल किंवा एच-१बी वर इथे पुरेसे दिवस राहून कर-रहिवासी झाला असाल, तर अमेरिका तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. पीपीएफचं व्याजही त्यात येतं. भारतात टीडीएस कापला असेल तर फेडरल रिटर्नवर त्याचं क्रेडिट मिळू शकतं. न्यू जर्सीच्या रिटर्नवर ते नाही, राज्य फक्त इतर राज्यांना भरलेल्या कराचं क्रेडिट देतं. आणि एनआरईवर भारतात काही कापलंच जात नाही, त्यामुळे क्रेडिटही शून्य, इथे पूर्ण कर. भारतीय म्युच्युअल फंड म्हणजे तर अमेरिकन कायद्याच्या भाषेत पीएफआयसी, त्याचा फॉर्म ८६२१ वेगळा, हिशेब वेगळा आणि दर बहुतेकदा जाचक. आमच्या लायब्ररीच्या टेबलावर हे निघालं की आम्हाला हात जोडावे लागतात. तो विषय आमच्या कक्षेबाहेर आहे. शिकलेले सीपीएसुद्धा त्याला बिचकतात. आणि आपले अंकल काय करतात? विचारतच नाहीत.

या सगळ्याच्या वर एफबार. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकही दिवस १०,००० डॉलरच्या वर गेली तर हा रिपोर्ट द्यावा लागतो, आणि तो रिटर्नबरोबर जात नाही, ट्रेझरीच्या फिनसेन या वेगळ्या खात्याकडे जातो. कर शून्य असला तरी द्यायचाच. न दिल्याचा दंड, जाणूनबुजून नसेल तर, कायद्यात एका रिपोर्टला १०,००० डॉलरपर्यंत लिहिलाय आणि महागाईप्रमाणे तो वाढत आलाय. पूर्वी सरकार तो खात्यागणिक लावू बघायचं. बिटनर नावाच्या रोमेनियन-अमेरिकन माणसाला पाच वर्षांच्या २७२ खात्यांसाठी २७ लाख २० हजार डॉलर लावले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की दंड रिपोर्टागणिक, खात्यागणिक नाही. २७ लाखांचे झाले ५० हजार. लक्षात घ्या, हा फरक कोणा ओळखीच्या माणसाने पाडला नाही. वकिलांनी पाडला.

आणि जाणूनबुजून केलं असं ठरलं तर? मग खात्यातल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत, किंवा एक लाख डॉलर महागाईने वाढवून, यातलं जे जास्त असेल ते. दिवाणी प्रकरणात "जाणूनबुजून" मध्ये घोर बेफिकिरीही धरली जाते. सात वर्षं त्या चौकटीत "नाही" लिहिणं हा त्यासाठी पुढे केला जाणारा नेहमीचा पुरावा आहे.

इथेच मला वकिलाबद्दल बोलायचंय, कारण आपल्याकडे त्याचं नाव काढलं की लोक असं बघतात जणू मी त्यांना गुन्हेगार म्हटलं. "वकील कशाला? आम्ही काय चोरी केलीये?" नाही केलीत. म्हणूनच.

हे जोडपं माझ्यासमोरून उठून काय करणार होतं माहितीये? त्याच अंकलना फोन करून "आता काय करायचं" विचारणार होतं. मी थांबवलं. अशा वेळी कोणाशी काय बोलता याला किंमत असते. वकिलाशी त्याचा सल्ला घेण्यासाठी केलेलं बोलणं गोपनीय राहतं, सरकार त्याला तुमच्याविरुद्ध साक्षीला उभं करू शकत नाही. सीपीए आणि एन्रोल्ड एजंट यांना १९९८ पासून असंच थोडं संरक्षण आहे, पण ते फौजदारी प्रकरणात चालत नाही. नुसत्या पीटिनवाल्याला काहीच नाही. उद्या प्रश्न आला की "तुम्हाला खात्यांबद्दल सांगितलं होतं का?", तर तो स्वतःची कातडी वाचवायला काय सांगेल, तुम्हीच ठरवा. गोपनीयता म्हणजे जादू नाही, रिटर्नवर घालण्यासाठी दिलेल्या आकड्यांना ती सहसा लागू होत नाही. पण आधी वकील, मग वकिलानेच नेमलेला अकाउंटंट, असा क्रम धरला तर छप्पर बरंच मोठं होतं.

चूक दुरुस्त करायचा रस्ता आहे. स्ट्रीमलाइन्ड नावाची प्रक्रिया आहे, त्यात तीन वर्षांची सुधारित रिटर्न्स, सहा वर्षांचे एफबार आणि इथे राहणाऱ्यांना त्या परदेशी रकमेवर साधारण ५ टक्के दंड, एवढ्यावर सुटता येतं. अट एकच, हे जाणूनबुजून नव्हतं असं तुमच्या शब्दांत, शपथेवर लिहून द्यायचं. आपल्या ग्रुपवर त्या निवेदनाचा "फॉरमॅट" फिरतो! लोक नाव बदलून तेच पाठवतात. अरे, तो फॉरमॅट नाही, तो जबाब आहे. तुमच्या सात वर्षांची खरी हकीकत त्यात हवी. शिवाय आयआरएसने आधीच चौकशी सुरू केली असेल तर हा दरवाजा बंद. म्हणून वेळेवर जायचं असतं.

प्रत्येकाला वकील लागत नाही, हेही सांगते, नाहीतर उद्या म्हणाल बाई वकिलांची दलाल आहे. एक डब्ल्यू-२, घराचं कर्ज, दोन मुलं, भारतात एखादी एफडी, एवढंच असेल तर परदेशी खाती समजणारा चांगला एन्रोल्ड एजंट भरपूर झाला. एन्रोल्ड एजंट म्हणजे आयआरएसची परीक्षा देऊन किंवा तिथे नोकरी करून परवाना मिळवलेला माणूस. आपल्या लोकांना हा प्रकार माहीतच नाही, सीपीएच्या खालचा कोणी तरी समजतात. आयआरएसपुढे त्याचे अधिकार सीपीएइतकेच आहेत. वकील लागतो तो मागच्या वर्षांची लपलेली खाती निघाली तर, फौजदारीचा नुसता वास जरी आला तर, आणि कोर्टाची मुदत सुरू झाली तर.

मुदतीबद्दल मला सगळ्यात जास्त चीड आहे. आयआरएसचं नोटीस ऑफ डेफिशियन्सी नावाचं पत्र येतं. त्यात तारीख छापलेली असते. त्या तारखेपर्यंत, म्हणजे ९० दिवसांत, टॅक्स कोर्टात पिटिशन टाकली तर कर आधी न भरता भांडता येतं. फी ६० डॉलर, ऑनलाइन टाकता येते, स्वतःही टाकता येते. वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंतच्या वादासाठी सोपी पद्धतही आहे. सुनावणीला वॉशिंग्टनला जावं लागत नाही, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात कोर्ट बसतं. ९० दिवस उलटले की बहुतेक वेळा एकच वाट उरते, आधी सगळे पैसे भरा, मग परत मागा. न्यू जर्सी ज्याच्या हद्दीत येते त्या थर्ड सर्किटने २०२३ मध्ये खास परिस्थितीत मुदतीत सवलत मागायची थोडी फट ठेवली, पण तिच्या भरवशावर बसणं म्हणजे शेवटची लोकल गेल्यावर प्लॅटफॉर्मवर उभं राहणं.

आणि आपल्याकडे या ९० दिवसांत काय होतं? पत्र प्रिपेअररला व्हॉट्सॲप केलं जातं. तो म्हणतो, "टेन्शन घेऊ नका, मी आयआरएसला फोन करतो." पहिली गोष्ट, नुसता पीटिनवाला तुमच्या वतीने टॅक्स कोर्टात उभाच राहू शकत नाही. तिथे वकील लागतो, किंवा त्या कोर्टाची वेगळी परीक्षा दिलेला माणूस. सीपीएलासुद्धा ती परीक्षा चुकत नाही. दुसरी गोष्ट, फोनवर कोणी काहीही बोलो, ते ९० दिवस थांबत नाहीत. माझ्याकडे एक गृहस्थ आले ते १०४ व्या दिवशी. दरम्यान तीनदा फोन झाले होते म्हणे. वाद त्यांच्या बाजूचा होता, कागद होते, सगळं होतं. दिवस नव्हते.

वर पत्त्याचा घोळ. हे पत्र तुमच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवलं की पुरतं, तुम्हाला मिळालं पाहिजे असं नाही. आपली पोरं दर वर्षी अपार्टमेंट बदलतात. ॲमेझॉनला नवा पत्ता त्याच दिवशी कळतो, आयआरएसला दोन वर्षांनी. फॉर्म ८८२२ आहे त्यासाठी, भरा.

विद्यार्थ्यांचं थोडक्यात. एफ-१ वर आलेला मुलगा साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं कर-रहिवासी धरला जात नाही. त्याने १०४०-एनआर भरायचा. सीनियर सांगतात, टर्बोटॅक्स वापर, शिक्षणाचं क्रेडिट घे, हजार डॉलर रिफंड येतो. ते क्रेडिट त्याला नाहीच. उलट भारत-अमेरिका कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे बाकी बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही, ते त्याला कोणी सांगत नाही. जे हक्काचं ते सोडायचं, जे नाही ते घ्यायचं, आणि ग्रीन कार्डच्या वेळी जुनी रिटर्न्स शोधत फिरायचं.

आणखी एक, कारण हे मध्यमवर्गीय घरात सर्रास होतं. समजा बाबांनी पुण्याचा फ्लॅट विकला आणि मुलीला इथे घर घ्यायला अडीच लाख डॉलर पाठवले. भेट आहे, तिच्यावर मुलीला कर नाही. पण परदेशी व्यक्तीकडून वर्षात १,००,००० डॉलरच्या वर भेट आली तर फॉर्म ३५२० द्यावा लागतो. नाही दिला तर दंड महिन्याला भेटीच्या ५ टक्के, कमाल २५ टक्के. अडीच लाखांवर साडेबासष्ट हजार डॉलर. कर शून्य, दंड साडेबासष्ट हजार! उशिरा भरणाऱ्यांना हा दंड आपोआप लावायचं थांबवू असं आयआरएसने २०२४ मध्ये सांगितलं, पण कायदा तिथेच आहे. क्लोजिंगच्या वेळी बँक विचारते पैसे कुठून आले, रिअल इस्टेटवाला विचारतो, टॅक्सवाला विचारत नाही. सवयीने जो हा प्रश्न विचारतो तो तुमचा माणूस, मग तो मराठी असो की नसो.

"पण वकिलाचा तासाचा भाव बघितलायस का?" बघितलाय. चारशे-पाचशे डॉलर सांगणारे आहेत आणि नोकरी गेलेल्या माणसाला ते परवडत नाहीत, मान्य. म्हणूनच पुढचं नीट वाचा, कारण या पोस्टचं निमित्त हेच आहे.

१९९८ च्या कायद्याने लो इन्कम टॅक्सपेयर क्लिनिक हा प्रकार सुरू झाला. अनुदान आयआरएसकडून येतं, पण क्लिनिक तिच्या ताब्यात नसतं. ती आयआरएसच्या विरोधातच तुमची बाजू लढतात, फुकट किंवा नाममात्र फीमध्ये. सहसा वाद एका वर्षाचा ५०,००० डॉलरपर्यंत आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीच पटीपर्यंत, अशी चौकट असते. "दारिद्र्यरेषा" शब्द ऐकून लगेच नाक मुरडू नका. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे चौघांच्या कुटुंबाला ती मर्यादा ८०,३७५ डॉलर होते. एकाचीच नोकरी आहे, किंवा दोघांपैकी एकाची गेली, अशी आपली किती घरं यात बसतात, मोजा. इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही त्यांना त्यांचे हक्क समजावून सांगणं हेही या क्लिनिकचं कायद्याने ठरवून दिलेलं काम आहे.

आणि ही क्लिनिक कुठे आहेत? नेवार्कमध्ये रटगर्स लॉ स्कूलमध्ये एक आहे. आणि लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी, तेही हे काम करतात, त्यांचं ऑफिस एडिसनमध्ये मेट्रोप्लेक्स ड्राइव्हवर. एडिसनमध्ये! आपण ओक ट्री रोडवर पार्किंगसाठी जेवढा वेळ फिरतो तेवढ्यात तिथे पोचू. मी गेल्या वर्षी एका कार्यक्रमात वीस-पंचवीस जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. त्याच हॉलमध्ये "मॅक्सिमम रिफंड" च्या स्टॉलसमोर रांग होती.

उत्पन्न जास्त असेल तर मिडलसेक्स काउंटीच्या बार असोसिएशनकडे वकील सुचवण्याची सोय आहे. विचारताना "टॅक्स बघता का" एवढं विचारू नका, सगळे हो म्हणतात. टॅक्स कोर्टात नाव नोंदलंय का, स्ट्रीमलाइन्डची किती प्रकरणं केली, टॅक्समध्ये एलएलएम आहे का, हे विचारा. आयआरएसपुढचं काम असेल तर वकील दुसऱ्या राज्यातला चालतो, पण कागदांची पिशवी घेऊन समोर बसता येईल असा जवळचा असला तर आपल्या लोकांना बोलायला सोपं जातं. त्याचं नाव न्यू जर्सी कोर्टाच्या वेबसाइटवर तपासा. सीपीएचा परवाना राज्याच्या साइटवर दिसतो, एन्रोल्ड एजंटचं नाव आयआरएसच्या यादीत. पाच मिनिटांचं काम आहे. आणि रिफंडच्या टक्क्यांवर फी मागितली तर तिथूनच उठा. आयआरएसच्याच गोंधळात महिनोन् महिने अडकला असाल तर टॅक्सपेयर ॲडव्होकेट नावाचं तिच्याच आतलं स्वतंत्र कार्यालय आहे, प्रत्येक राज्यात किमान एक, फॉर्म ९११ भरायचा. हेही फुकट.

शेवटी आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीतल्यांसाठी, कारण तुम्ही ही पोस्ट वाचताय हे मला माहितीये. गणपतीला, दिवाळीला, संक्रांतीला स्टेजच्या मागे ज्यांचे बॅनर असतात त्यातले टॅक्सवाले कोण, त्यांचा परवाना काय, हे स्पॉन्सरशिपचा चेक घेताना आपण कधी विचारलंय? "आम्ही फक्त जागा देतो, शिफारस करत नाही" हे मला मागे ऐकवलं गेलं. ज्या आजींना मंडळाचा बॅनर म्हणजे मंडळाचा शब्द वाटतो, त्यांना हा फरक कोण समजावणार? चेक घ्या, बापडे, हॉलचं भाडं कोणालाच चुकलेलं नाही. पण बॅनरवर परवान्याचा प्रकार आणि नंबर छापायची अट घाला. ज्याच्याकडे आहे तो आनंदाने छापेल.

आणि या गणपतीला एक टेबल फुकट द्या. क्लिनिकच्या लोकांना मी बोलावते, आले तर ते बसतील, नाही आले तर त्यांची पत्रकं घेऊन मी बसेन. मराठीत समजावून सांगायला दोन माणसं लागतील, एक मी आहे. जागा जेवणाच्या रांगेजवळ द्या, पार्किंगकडच्या दाराशी नको.